९९ डॉलरचे यंत्र आणि दरमहा २१ डॉलर ९५ सेंट : ‘आय-ओपनर’चे प्रकरण

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातील नेटप्लायन्स या नव्या कंपनीने १९९९च्या अखेरीस ‘आय-ओपनर’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. ज्यांनी आयुष्यात कधी संगणक हाताळला नव्हता, ज्यांना संगणकाची धास्ती वाटत होती आणि तरीही परगावच्या नातवंडांची ई-मेल वाचावीशी वाटत होती, अशा माणसांसाठी ते तयार केलेले होते. सुरुवातीची किंमत १९९ डॉलर होती आणि २०००च्या आरंभी ती ९९ डॉलरवर आणण्यात आली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सव्वाचार हजार रुपयांच्या आसपास भरते. आपल्याकडे तेव्हा घरगुती संगणकाला तीस-चाळीस हजार रुपये मोजावे लागत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आकर्षण समजते. यंत्र वापरायचे तर मात्र नेटप्लायन्सचीच इंटरनेट सेवा घ्यावी लागे आणि तिचे मासिक शुल्क २१ डॉलर ९५ सेंट होते.

अननुभवी ग्राहकाला सोपा करून दिलेला, मासिक वर्गणीवर चालणारा संगणक नेमका कितीला पडतो आणि तो खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे तपासायला या प्रकरणाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल, कारण कंपनीने लावलेला हिशेब, ग्राहकाने लावलेला हिशेब आणि या दोहोंना बगल देणाऱ्या तिसऱ्याच मंडळींनी लावलेला हिशेब असे तिन्ही हिशेब इथे उघड झाले.

यंत्रातून काय काढून टाकले होते

आय-ओपनर दिसायला सुबक होते. दहा इंचांचा सपाट रंगीत पडदा, त्याच्याच पाठीमागे बसवलेले सगळे यंत्र, समोर एक कळफलक आणि भिंतीतल्या टेलिफोनच्या खाचेत घालायची एक वायर. पडदा सपाट असणे ही त्या काळी चैनीची बाब होती, कारण घरोघरी अजून काचेच्या नळीचे बोजड मॉनिटर होते. आत १८० मेगाहर्ट्‌झचा विनचिप प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी आणि १६ मेगाबाइटची फ्लॅश चिप होती. हार्ड डिस्क नव्हती, फ्लॉपीची खाच नव्हती आणि सीडी ड्राइव्हही नव्हता. विंडोजच्या जागी क्यूएनएक्स ही आटोपशीर कार्यप्रणाली बसवलेली होती.

कळफलकावर नेहमीच्या अक्षरांखेरीज ठरावीक कामांसाठी वेगळ्या कळा होत्या, आणि त्यांतली एक कळ चक्क पिझ्झासाठी राखून ठेवलेली होती. ती दाबली की पिझ्झा मागवण्याचे पान उघडत असे. त्या काळच्या तंत्रज्ञान-वार्ताहरांनी या कळेची यथेच्छ टिंगल केली. मला स्वतःला ती फारशी हास्यास्पद वाटत नाही, कारण पत्ता टाइप करता न येणाऱ्या माणसाला एक कळ दाबून काम होणे ही खरीच सोय आहे. मात्र कोणत्या दुकानाला कळ द्यायची हे ग्राहकाने ठरवलेले नव्हते. कंपनीच्या उत्पन्नात मासिक वर्गणीच्या जोडीला अशा व्यापारी भागीदारांकडून येणारा पैसा गृहीत धरलेला होता, आणि कळफलकावरची जागा हा त्या व्यवहाराचाच एक भाग होता.

जे काढून टाकले होते त्याचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो. हार्ड डिस्क नसल्यामुळे ती बिघडण्याचा प्रश्न नव्हता, विषाणू शिरण्याची भीती जवळजवळ नव्हती, आणि ‘चुकून काहीतरी दाबले आणि सगळे गेले’ ही नवशिक्याची कायमची चिंता मिटत होती. नवे पत्र आले की दिवा लागे. इतके सोपे यंत्र बनवणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकाचेच काम होते. पण त्याच कारणाने त्या यंत्रावर दुसरा प्रोग्राम घालता येत नव्हता, दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट जोडता येत नव्हते आणि नेटप्लायन्सच्या सर्व्हरशी संपर्क तुटला तर ते नुसते शोभेचे राहत होते. ग्राहकाला जी गोष्ट सोय म्हणून विकली जात होती, तीच कंपनीच्या दृष्टीने वर्गणी चालू राहण्याची हमी होती. वर्गणीच्या संगणकाची खरी गोम इथेच आहे.

ग्राहकाचा हिशेब

पहिल्या वर्षाचा खर्च ९९ डॉलर अधिक १२ महिन्यांचे २६३ डॉलर ४० सेंट, म्हणजे ३६२ डॉलर ४० सेंट. दोन वर्षांत हा आकडा ६२५ डॉलर ८० सेंटवर जातो आणि तीन वर्षांत ८८९ डॉलर २० सेंटवर. दुकानातल्या पाटीवर ठळकपणे ९९ असे लिहिलेले असले, तरी तीन वर्षे यंत्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती रक्कम एकूण खर्चाच्या नवव्या हिश्शाच्या आसपास होती.

एवढ्यावरून ग्राहक लुबाडला गेला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २१ डॉलर ९५ सेंट हा त्या वेळी अमेरिकेतल्या टेलिफोनवरून चालणाऱ्या इंटरनेटचा रूढ दर होता. अमेरिका ऑनलाइन ही सर्वांत मोठी कंपनी १९९८पासून नेमका तेवढाच दर घेत होती. तेव्हा इंटरनेट घ्यायचेच ठरवलेल्या माणसाला ही वर्गणी वेगळी टोचण्याचे कारण नव्हते. तुलना करायची ती त्याच पैशात दुसरे काय मिळत होते याच्याशी, आणि ती केली की चित्र बदलते.

१९९९च्या उन्हाळ्यात कॉम्प्युसर्व्ह आणि एमएसएन या कंपन्यांनी एक योजना सुरू केली होती : त्यांची इंटरनेट सेवा दरमहा २१ डॉलर ९५ सेंटने तीन वर्षांसाठी घेण्याचा करार करा आणि नव्या संगणकावर ४०० डॉलरची सूट मिळवा. समजा एखाद्याने या योजनेत ४९९ डॉलरचा साधा संगणक घेतला. सूट जाऊन ९९ डॉलर उरतात आणि तीन वर्षांचे शुल्क ७९० डॉलर २० सेंट होते. बेरीज ८८९ डॉलर २० सेंट, म्हणजे आय-ओपनरइतकीच, सेंटचाही फरक नाही. मॉनिटर निराळा घ्यावा लागे आणि करार मुदतीआधी मोडणे महाग पडे, या दोन उण्या बाजू होत्या. पण हाती पडत होता तो हार्ड डिस्क असलेला, हवे ते प्रोग्राम चालवणारा आणि तीन वर्षांनंतर कोणत्याही कंपनीच्या इंटरनेटला जोडता येणारा पूर्ण संगणक.

आय-ओपनरचा ग्राहक तेवढ्याच पैशात कमी क्षमतेचे यंत्र घेत होता. सोपेपणाची किंमत कोणत्याही पावतीवर वेगळी लिहिलेली नव्हती. ती या फरकात दडलेली होती. ही किंमत मोजणे मूर्खपणाचे होते असे मी म्हणणार नाही. पूर्ण संगणक घेऊन तो कपाटावर झाकून ठेवणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला त्या हार्ड डिस्कचा उपयोग शून्य, आणि रोज दोन पत्रे वाचणाऱ्याला आय-ओपनर शंभर टक्के उपयोगी. आक्षेप असलाच तर तो इतकाच, की ही तुलना करण्यासाठी लागणारी माहिती ज्याच्याकडे असते तो माणूस अननुभवी राहिलेला नसतो.

याशिवाय एक खर्च असा होता जो नेटप्लायन्सच्या बिलात येतच नसे. टेलिफोनवरून इंटरनेट जोडताना डायल करायचा क्रमांक स्थानिक नसेल तर प्रत्येक मिनिटाला लांब पल्ल्याच्या कॉलचा दर लागे. आपल्याकडे एसटीडीचे मीटर पाहत बोललेल्या पिढीला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लहान गावांत राहणाऱ्या वृद्धांना हा भुर्दंड बसण्याचा धोका अधिक होता, आणि यंत्राच्या ग्राहकवर्गात तेच मोठ्या संख्येने अपेक्षित होते.

कंपनीचा हिशेब

यंत्र बनवायला कंपनीला किती खर्च येत होता याचा त्या वेळच्या वार्तांकनातला अंदाज ३०० ते ४०० डॉलरचा होता. ९९ डॉलरला विकताना प्रत्येक नगामागे दोनशे डॉलरहून अधिक पदरचे घालावे लागत होते, आणि हे नुकसान वर्गणीतून भरून काढायचे होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा सरळ व्यवहार होता आणि मोबाइल हँडसेटच्या धंद्यात तो तेव्हा यशस्वीही झालेला होता.

पण २१ डॉलर ९५ सेंटमधून फोनजाळ्याचे भाडे, ग्राहक मदत केंद्राचा खर्च, जाहिरात आणि दुकानदाराचा वाटा वजा होत होता. हे सगळे जाऊन दरमहा दहा डॉलर उरतात असे उदारपणे धरले, तरी अडीचशे डॉलरचा खड्डा भरायला पंचवीस महिने लागतात. मदत केंद्राचा खर्च इथे विशेष महत्त्वाचा ठरतो. अननुभवी ग्राहक फोन जास्त करतो, प्रत्येक फोन लांबतो, आणि पलीकडे पगारी माणूस बसलेला असतो. ज्याच्या अज्ञानामुळे वर्गणी टिकते त्याच ग्राहकाला सांभाळणे सर्वांत महाग पडते. नवशिक्यांना संगणक पुरवणाऱ्या बहुतेक योजनांचे गणित या एका ठिकाणी चुकलेले दिसते. ग्राहकाने निदान दोन-अडीच वर्षे न सोडता राहावे, फार प्रश्न विचारू नयेत आणि यंत्राचा दुसरा उपयोग शोधू नये, या तीन गृहीतकांवर सगळा डोलारा उभा होता.

यातले तिसरे गृहीतक आधी कोसळले.

मार्च २०००मध्ये लास वेगासमधल्या एका अभियंत्याने आय-ओपनर उघडून पाहिले, तेव्हा आतल्या पट्टीवर हार्ड डिस्क जोडण्याची जागा तयारच असल्याचे त्याला आढळले. तिच्या पिनांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी होती, म्हणून त्याने खास वायर बनवली, लॅपटॉपची हार्ड डिस्क जोडली, दुसरी कार्यप्रणाली चढवली आणि ९९ डॉलरमध्ये सपाट पडद्याचा पूर्ण संगणक मिळवला. ही कृती इंटरनेटवर पसरताच जाणकारांची झुंबड उडाली. यंत्र घेताना वर्गणीचा दीर्घ करार करावा लागत नव्हता, त्यामुळे त्यांनी ते विकत घेतले आणि वर्गणी घेतलीच नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. दुकानात मांडलेली वस्तू पाटीवरच्या किमतीला घेऊन तिचे मालकाने काय करावे हा मालकाचा प्रश्न.

या घटनेकडे सहसा हुशार छंदिष्टांनी भोळ्या कंपनीची केलेली गंमत म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तिचा अर्थ अधिक गंभीर आहे. एकच यंत्र, एकच किंमत. पण ज्याला यंत्र कळत होते त्याला ते ९९ डॉलर अधिक एका वायरीच्या आणि हार्ड डिस्कच्या खर्चात पडले, आणि त्याच्या नगावरचा तोटा कंपनीच्या खाती जमा झाला. ज्याला यंत्र कळत नव्हते तो दरमहा पैसे भरत राहिला आणि त्या तोट्याची भरपाई त्याच्या वर्गणीतून होणे अपेक्षित होते. कमी किमतीची सवलत अननुभवी माणसाच्या नावाने जाहीर झाली होती. तिचा निव्वळ लाभ जाणकाराला झाला आणि बिल अननुभवी माणसाच्या नावे फाटले.

सारवासारव आणि आयोगाची कारवाई

कंपनीची वेळ वाईट होती. १७ मार्च २००० रोजी तिचे शेअर प्रत्येकी १८ डॉलर दराने बाजारात आले, आणि अमेरिकेच्या नॅसडॅक निर्देशांकाने त्याआधी एकच आठवडा, १० मार्चला, आपले शिखर गाठलेले होते. घसरणीच्या तोंडावर, वर्गणीविना वापरल्या जाणाऱ्या यंत्रांच्या बातम्या छापून येत असताना, तिला भागधारकांसमोर उभे राहावे लागले. नव्या यंत्रांमधल्या चिपवर घट्ट डिंकासारखा पदार्थ ओतण्यात आला, जोडणीच्या पिना छाटण्यात आल्या आणि सेवा घेणे बंधनकारक करणाऱ्या अटी घालण्यात आल्या. पुढे यंत्राची किंमतही अनेक पटींनी वाढवली गेली. किंमत खऱ्या खर्चाजवळ आली आणि मागणी आटली, कारण तेवढ्या पैशात साधा संगणक मिळत होता. थ्रीकॉम या मोठ्या कंपनीने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ‘ऑड्री’ नावाचे असेच घरगुती यंत्र ४९९ डॉलरला आणले होते. ते पुढच्या मार्चमध्येच बंद करावे लागले. सोपे यंत्र पूर्ण किमतीला विकले तर घेणारा नाही आणि तोट्यात विकले तर विकणारा टिकत नाही, अशी कोंडी झाली होती.

वर्ष संपेपर्यंत नेटप्लायन्सचा शेअर एका डॉलरच्याही खाली आला. जानेवारी २००१मध्ये कंपनीने या धंद्यातून बाहेर पडण्याचे ठरवले.

ग्राहकांच्या बाजूने बोलण्याचे काम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केले. व्यापारातील फसव्या प्रथांवर देखरेख ठेवणाऱ्या या आयोगाने आरोप ठेवला, की यंत्राची किंमत जाहिरातीत ठळकपणे सांगताना ते चालवण्यासाठी दरमहा २१ डॉलर ९५ सेंटची सेवा घ्यावीच लागते हे पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले नाही; यंत्रातून इंटरनेटचा जो वापर करता येईल असे भासवले गेले, तो प्रत्यक्षात त्यातून होत नव्हता; आणि काही ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर त्यांच्या संमतीविना रकमा लावल्या गेल्या. २००१ साली एक लाख डॉलरचा दंड भरून कंपनीने हे प्रकरण मिटवले. त्याआधी, २०००मध्ये, ४०० डॉलरच्या सवलत योजनेची जाहिरात करणाऱ्या काही विक्रेत्यांवर आणि टीव्हीला जोडायचे यंत्र विकणाऱ्या वेबटीव्हीवरही याच आयोगाने कारवाई केली होती. चुकीच्या जाहिरातीचा हा रोग एका कंपनीपुरता नव्हता.

आयोगाचा रोख जाहिरातीवर होता, किमतीच्या रचनेवर नव्हता, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे. तोट्यात यंत्र विकून वर्गणीतून पैसा काढणे बेकायदा नव्हते आणि आजही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते गैरही नाही, मात्र एकूण रक्कम विक्रीच्या वेळी, त्याच आकाराच्या अक्षरांत, समोर असली पाहिजे. ‘९९ डॉलर’ऐवजी ‘दोन वर्षांचे मिळून ६२६ डॉलर’ असे पाटीवर असते, तर काही वृद्धांनी तरीही ते घेतले असते आणि कोणालाही तक्रारीला जागा राहिली नसती.

कंपनीने नंतर टिपिंगपॉइंट हे नाव घेतले आणि संगणक जाळ्यांत होणारी घुसखोरी रोखणारी उपकरणे बनवायला सुरुवात केली. आपलेच यंत्र छंदिष्टांपासून वाचवता न आलेल्या मंडळींनी सुरक्षेच्या धंद्यात नाव काढावे, हा योगायोग मजेशीर म्हणावा लागेल. ती कंपनी पुढे सुमारे ४३ कोटी डॉलरना विकली गेली, आणि तिचा खरेदीदार होता ऑड्री बंद करणारी थ्रीकॉम.

आजच्या वर्गणीशी तुलना

जुलै २०२५मध्ये भारतात जिओने ‘जिओपीसी’ ही सेवा सुरू केली, तेव्हा हे जुने गणित आपल्या घराजवळ आले. इथे यंत्र विकत घ्यायचेच नाही. जिओचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडायचा, कळफलक आणि माउस आपला लावायचा, आणि दूरवरच्या सर्व्हरवर चालणारा संगणक टीव्हीच्या पडद्यावर वापरायचा. सुरुवातीला जाहीर झालेला दर महिन्याला ५९९ रुपये अधिक जीएसटी असा होता, तर वर्षाचे ४,५९९ रुपये अधिक जीएसटी एकदम भरल्यास तीन महिने जादा मिळत होते. जीएसटी १८ टक्के धरला तर दरमहा भरणाऱ्याला महिना सुमारे ७०७ रुपये पडतो आणि एकदम भरणाऱ्याला सुमारे ३६२ रुपये. इंटरनेट जोडणीचे पैसे याहून वेगळे.

म्हणजे फक्त महिन्याच्या महिन्यालाच पैसे काढू शकणाऱ्या कुटुंबाला तोच संगणक जवळजवळ दुप्पट भावाने पडतो, आणि तीन वर्षांत असे कुटुंब सुमारे २५,४०० रुपये भरते. या रकमेत वापरलेला बरा लॅपटॉप सहज येतो आणि नवा साधा लॅपटॉपही येऊ शकतो. दुसऱ्या बाजूने पाहता, मुलाच्या परीक्षेपुरता किंवा एखाद्या अभ्यासक्रमापुरता चार महिने संगणक हवा असेल, तर यापेक्षा स्वस्त मार्ग सापडणे कठीण आहे. आय-ओपनरच्या वेळी ग्राहकाला निदान एक वस्तू हाती मिळत होती, जी उघडून, वायर जोडून पुन्हा कामाला लावता येत होती. इथे वर्गणी थांबली की संगणकच उरत नाही, त्यामुळे त्यावर ठेवलेल्या फायली वर्गणी संपण्याआधी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या खात्यात कशा उतरवून घ्यायच्या आणि किती दिवसांत, हे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच घरातल्या जाणत्या माणसाने विचारून घेणे इष्ट.